एक बादली पाणी, बारा बाटल्या

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या घरगुती बिअर मंडळाच्या प्रमुख मिर्ताबाई, व्यासपीठावर बसलेले अग्निशमन दलाचे कमांडर बेल्त्रामो, माझे सहपरीक्षक ओमेरो, सत्कारमूर्ती डॉन नील्दो जाकोसा, त्यांच्या पत्नी एलिदाबाई आणि रविवारची झोप मोडून इथे आलेल्या सर्व मंडळींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे, 'डॉन नील्दोंचं तांत्रिक योगदान'. मिर्ताबाईंनी मघाशी कानात सांगितलं, "आयेलेन, हलकंफुलकं बोल हं. लोकांना भूक लागलीय." बाहेर निखाऱ्यांवर चोरिसो सॉसेज चढले आहेत, त्यांचा वास मलाही येतो आहे. तेव्हा लवकर आटोपते. हलकंफुलकं जमेल असं मात्र वाटत नाही.

योगदानाबद्दल आधी बोलते, कारण ते खरं आहे. डॉन नील्दोंनी एकतीस वर्षं दुधाच्या टाक्यांचं वेल्डिंग केलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी बिअर बनवायला घेतली आणि त्यासाठी एकही वस्तू विकत आणली नाही. जव भरडायला एलिदाबाईंचं पास्ता लाटायचं यंत्र घेतलं. त्याचे रूळ गुळगुळीत होते, त्यांच्यावर कानशीने दाते पाडले. ("न विचारता घेतलं," असं एलिदाबाई पहिल्या रांगेतून म्हणताहेत. नोंद घेतली.) जवाचा उकळता रस थंड करायला तांब्याची नळी गॅसच्या सिलिंडरभोवती गुंडाळून वेटोळं केलं. आणि गाळणीसाठी भंगारातून एका वॉशिंग मशीनचा पोलादी ड्रम आणला, त्याला तळ जोडला आणि तो पन्नास लिटरच्या पातेल्यात बसवला. ड्रमला भोकं असतातच. जव आत राहतात, रस बाहेर येतो. मी प्रयोगशाळेत काम करते, महागडी उपकरणं रोज हाताळते. इतकी सोपी आणि इतकी बिनचूक गाळणी मी दुसरी पाहिलेली नाही.

हे वाक्य मी दोन वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

माझ्या मागे भिंतीवर फोटो फिरताहेत. आत्ता जो आला, ज्याला तुम्ही सगळे हसलात, तो त्याच ड्रमचा आहे. जोडाजवळ तपकिरी डाग दिसतो. हा फोटो मी काढला. इंटरनेटवरच्या आपल्या ग्रुपवर मीच टाकला आणि त्याखाली लिहिलं, 'औषधी वासाचं कारण सापडलं. पोलादाचा दर्जा अज्ञात, वेल्ड जळलेला, रस इथे अडकतो.' चार हजारांहून जास्त लोकांनी तो पाहिला. कुणी विचारलं, "गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?" कुणी ड्रमचं नाव 'दवाखाना' ठेवलं. पुढच्या आठवड्यात बाजारात ओमेरोंनी हाक मारली, "काय डॉन नील्दो, तुमची बिअर प्यायला डॉक्टरची चिठ्ठी लागते का?" ओमेरो, तुम्हाला दोष देत नाही. त्या विनोदाचं सामान तुम्हाला मी पुरवलं होतं.

त्या पोस्टनंतर माझं बरं चाललं. शहरातल्या स्पर्धेत मला परीक्षक म्हणून बोलावलं. मंडळाने मला तांत्रिक सचिव केलं. ती पोस्ट आजही ग्रुपवर सगळ्यात वर लावलेली आहे, नवशिक्यांनी आधी वाचावी म्हणून.

आता मूळ घटनेकडे येते. दोन वर्षांपूर्वी, मंडळाच्या एप्रिलच्या चाचणीसाठी डॉन नील्दोंनी आपल्या पिंपातली बिअर दिली. नमुने सारखे असावेत म्हणून सगळ्यांच्या बिअर मीच बाटल्यांत भरल्या. त्यांच्या वाट्याच्या चार बाटल्या आम्ही तिघा परीक्षकांनी पंधरा दिवसांनी उघडल्या. चारही बाटल्यांना जखमेच्या पट्टीसारखा औषधी वास. डॉन नील्दो समोर बसले होते. त्यांनी घोट घेतला, पुन्हा घेतला आणि म्हणाले, "घरच्या पिंपात ही चव नाही गं पोरी."

मी काय उत्तर दिलं, ते इथल्या काही जणांना आठवत असेल. मला अक्षर न् अक्षर आठवतं. मी म्हणाले, "घरच्या नाकाला सवय होते, डॉन नील्दो. तुम्हाला आता ते कळणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी शिकलेली आहे ना.

पिंप त्यांच्या घरी होतं, माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर. त्यातला एक पेला पिऊन पाहायला किती वेळ लागला असता? वीस मिनिटं. मी गेले नाही. मी ड्रमचा फोटो काढायला गेले.

त्यांची बिअर भरली त्याच आठवड्यात माझी स्वतःची बिअर मी दोन क्रेटमधल्या बाटल्यांत भरली होती. मे महिन्याच्या एकविसाव्या तारखेला त्या उघडल्या. एका क्रेटच्या बाटल्या चांगल्या होत्या. दुसऱ्या क्रेटमधल्या आठही बाटल्यांना जखमेच्या पट्टीचा वास. माझी बिअर त्या ड्रमच्या जवळपासही गेली नव्हती. मग मी माझी वही काढली. त्या क्रेटमधल्या बारा बाटल्या मी एकत्र धुतल्या होत्या आणि त्यांतल्याच चार डॉन नील्दोंसाठी वापरल्या होत्या. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'ब्लीचमध्ये बुडवल्या. नळाचं पाणी गेलं. खळबळायला एक बादली, बारा बाटल्या.'

इथे बसलेल्या प्रत्येकाला याचा अर्थ कळतो. बाटलीत ब्लीचचा अंश राहिला की बिअरला हाच वास येतो. पहिल्या महिन्यात शिकतो आपण हे. ड्रम निर्दोष होता. पुरावा पहिल्या दिवसापासून माझ्या वहीत होता आणि मी फोटो काढत होते.

एकवीस मे. कमांडर, तुमच्या दलाचा वर्धापनदिन दोन जूनला असतो. मधे बारा दिवस होते. त्याआधी सलग नऊ वर्षं त्या दिवशी डॉन नील्दोंचीच बिअर असायची. त्या वर्षी तुम्ही कंपनीची पिंपं मागवलीत. मला फक्त एक फोन करायचा होता. मी तो रोज उद्यावर ढकलला. दोन जूनला याच सभागृहात मी कंपनीची बिअर प्याले. डॉन नील्दो त्या खांबाजवळ हातात लिंबू सरबत घेऊन उभे होते. मी त्यांना नमस्कार केला. पुढच्या रविवारी त्यांनी तो ड्रम कटरने कापला. अर्ध्यात आता एलिदाबाईंची तुळस आहे... म्हणजे होती. काल ती शेजाऱ्यांना दिली.

ड्रमचं दुःख मी मोजू शकते. पोलाद आहे, पुन्हा मिळतं. पुढची गोष्ट मला मोजता आलेली नाही.

गेल्या मंगळवारी मी त्यांच्याकडे सामान बांधायला मदत करायला गेले होते. उद्या सकाळच्या बसने ते दोघं मुलीकडे नेउकेनला जाताहेत, कायमचे, हे तुम्हाला माहीत आहेच. एलिदाबाई काचा कागदात गुंडाळत होत्या. सहज म्हणाल्या, "बरं केलंस गं बाई तू. चाळीस वर्षं माझ्या सूपला नावं ठेवली या माणसाने. मीठ जास्त, मीठ कमी. आता दोन वर्षं झाली, चमचा माझ्यापुढे करतो आणि म्हणतो, तूच सांग, मला काय कळतंय!"

त्या हसल्या. मीही हसले, म्हणजे तसा चेहरा केला.

दुधाच्या टाकीत हात घालून, बोट चाटून, दूध कधी नासणार ते सांगणारा माणूस. मी त्याला सांगितलं की तुला कळत नाही, आणि त्याने ते मानलं. अजून मानतो.

आणि आता तो बिअरचा मग. मिर्ताबाई, तुमच्यासमोर टेबलावर लाल कागदात गुंडाळलेला मग आहे, तो थोड्या वेळात त्यांना द्यायचा आहे. त्यावर कोरलं आहे, 'आमच्या औषधवाल्याला, प्रेमाने'. बैठकीत हे ठरलं तेव्हा सगळे हसले आणि तुम्ही मला म्हणालात, "तू का गप्प? कर की हात वर." मी हात वर केला. तुमचा हेतू प्रेमाचाच होता, मला शंका नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

तो मग कृपा करून देऊ नका. मला द्या. मजकूर माझ्यावर बरोबर बसतो.

आज सकाळी नऊ वाजता मी वहीच्या त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली सगळं खुलासेवार लिहिलं आणि जुनी पोस्ट खाली उतरवली. मघाशी पाहिलं तेव्हा तो सहा जणांनी पाहिला होता. त्यांतल्या एकाने विचारलंय की एवढ्या जुन्या गोष्टीचं आता काय. तांत्रिक सचिवपदाचा राजीनामा मिर्ताबाईंच्या पर्सखाली ठेवला आहे. ते पाकीट म्हणजे तोच राजीनामा आहे, मिर्ताबाई, आभाराचं पत्र नाही.

पाच मिनिटं केव्हाच संपली. समारंभासाठी सभागृह देणाऱ्या अग्निशमन दलाचे, निखाऱ्यांपाशी धूर खात उभ्या असलेल्या मंडळींचे आणि मला मधेच न थांबवणाऱ्या तुम्हा सर्वांचे मी आभार मानते. भाषणाच्या शेवटी, बोलण्यात काही चुकलं असेल तर माफ करा, असं म्हणायची पद्धत आहे. माझं आज बोलण्यात फारसं चुकलेलं नाही, कारण मी सगळं लिहून आणलं होतं. चुकलं ते न बोलण्यात, आणि ते सातशे चौऱ्याण्णव दिवस चुकलं. त्याची माफी या सभागृहाकडे मागून उपयोग नाही. ती ज्यांच्याकडे मागायची ते पहिल्या रांगेत बसले आहेत आणि मघापासून टोपीची कड चाचपताहेत.

डॉन नील्दो, मी तुमची अपराधी आहे. तुम्ही त्या दिवशी बरोबर होतात.

एक शेवटचं. मंगळवारी तुमच्या फडताळात, व्हिनेगरच्या बरण्यांमागे, ही बाटली सापडली. चिठ्ठीवर तुमचं अक्षर आहे आणि तारीख त्याच पिंपाची. ही तुम्ही भरलेली आहे, तुम्ही धुतलेल्या बाटलीत. एलिदाबाईंना विचारून मी ती घेतली. उघडलेली नाही. दोन वर्षं म्हणजे बिअर थकली असेल, इतर काय असेल ते मला माहीत नाही, आणि मी अंदाज करणार नाही. परीक्षक म्हणून मी किंवा ओमेरो ती चाखणार नाही. एलिदाबाई, तुम्हीसुद्धा नाही.

मी खाली येते आहे. पेला स्वच्छ आहे, गरम पाण्याने तीनदा धुतला आहे, हवं तर वास घेऊन पाहा. वही तीच आहे, त्या पानाच्या पुढचं पान कोरं ठेवलं आहे. तुम्ही प्या आणि सांगा, डॉन नील्दो. तुम्ही सांगाल ते मी लिहून घेते.