डावखुरा मामा

परवा आईला आणि मुलीला घेऊन आमच्या लहानपणीचा तो विनोदी सिनेमा लावला रे. लालबागच्या चाळीत गणपतीत दरवर्षी अंगणात पडदा बांधून दाखवायचे, तोच. मुलीला आधीच सांगून ठेवलं, "यातला मामा डावखुरा आहे, बघ."

मामा आला आणि उजव्या हाताने वरणभात कालवू लागला.

मी म्हटलं, "प्रिंट उलटी आहे."

आई म्हणाली, "प्रिंट बरोबर आहे. आपण पडद्याच्या मागे बसायचो. सगळ्यांची जेवणं उरकून, भांडी घासून आम्ही बायका खाली येईपर्यंत पुढची जागा भरलेली असायची. आणि तू मला सोडून बसायचा नाहीस."

"मग तू आधी का नाही बोललीस?"

"समोरून मी पण आजच बघतेय."