वेस नसलेला पट

...नाही, पण हे मी सांगायचंच नाही खरं तर! आत्याबाईंनी देवासमोर उभं करून कबूल करून घेतलंय, रविंद्रनं हात धरून वेगळं कबूल करून घेतलंय, आईनं तर पोळी लाटता लाटता नुसतं डोळ्यांनीच... आणि मी अशी, की वर्गात ‘हजर’ म्हणते तेही बाईंना ऐकू जात नाही, चार वेळा माझी गैरहजेरी लागलीये पहिल्या बाकावर बसून! मी कोणाला काय सांगणार? पण नऊ दिवस झाले हो, पोटात मावत नाही. जरा जवळ या. मोठ्यानं नाही बोलता येत मला.

तर तुम्हाला सांगते, ‘तुला आवडेल तो ठेव’ म्हणणाऱ्या माणसाइतकं दुष्ट कोणी नसतं. पट होते आठ. आणि ठेवायचा किती? एक!

कसले पट म्हणता? बडग्यांचे! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते ना, ती इडापीडा घेऊन जाणारी बाईच्या रूपाची भलीमोठी बाहुली, तिच्या मागेपुढे ते कागदाचे, बांबूचे, राक्षसाच्या तोंडाचे बडगे, महागाईचा, रोगराईचा, ज्या वर्षी जे छळेल त्याचा, आणि सगळं गाव ओरडतं, घेऊन जा गे मारबत, आणि गावाबाहेर नेऊन जाळून टाकतात! तर आमच्या शेजारचे रुपरावकाका, छापखान्यात कामाला, त्यांनी त्र्याहत्तर साली त्याचा खेळच काढला. उरलेल्या जाड कागदावर वाट छापलेली, वाटेवर घरं, घराघरात पुठ्ठ्याचा एकेक बडगा बसलेला. त्याच्या घरात पडलात की पुन्हा कवड्या टाकायच्या, चारही उताण्या पडल्या की बडगा तुमचा, घाला डब्यात. डबा भरून जो आधी वेशीबाहेर पडला तो जिंकला. तेव्हापासून दर वर्षी पोळ्याच्या आधी नवा पट, नवे बडगे! एका वर्षी तर काकांनी दोन काढले, काळा नि पिवळा, कोणाच्या घरी हा, कोणाच्या घरी तो. आणि काळ्यातला रॉकेलचा बडगा पिवळ्यात नाही, पिवळ्यातला कोरड्या नळाचा काळ्यात नाही! म्हणजे डबा पुरा करायचा तर दुसऱ्याच्या दारात जाऊन अदलाबदल करा. मी! दुसऱ्याच्या दारात! माझ्या वर्गातल्या प्रेमलताकडे गेले, पाऊण तास उभी. शेवटी तिची आजी बाहेर आली, “काय पायजे वं पोरी, ताक का?” मी हो म्हटलं. ताक घेऊन घरी आले. पिवळा मग रविंद्रनंच आणला.

तर यंदा श्रावणात आमच्याकडे मलेरिया शिरला. आधी बाबा, मग माझा भाऊ रविंद्र, मग मी. आत्याबाई, म्हणजे बाबांची मोठी बहीण बायजाबाई, सुपारी शोधायला गेल्या नि उघडला रविंद्रचा डबा! आत कोण? डासांचा बडगा. सोंडेसकट.

“अवं माय! लोकं ज्याले गावाबाहेर नेऊन जाळून राहिले, त्याले तुमी डब्यात घालून पाळून राहिले? मंग ताप काहून नाही येनार?”

बाबा गोधडीतून म्हणाले, “बाई, पुठ्ठा आहे तो.”

“पुठ्ठा आहे तं तू काहून कुडकुडून राहिला?”

बाबा पुन्हा गोधडीत गेले. निकाल लागला, सगळे पट मारबतीबरोबर जाळायला. मी रडले. पण माझं रडणंही असं, की आत्याबाईंना ते कळायलाच संध्याकाळ झाली. मग म्हणाल्या, “बरं, एक ठेव. पोळ्याच्या दिवेलागनीपर्यंत सांग.” आणि ठेवायचा किती? एक!

मग काय, जो तो सांगायला. रविंद्र अंगात ताप घेऊन उठून बसला. “पहिल्या पटाची सर कोनालेच नाही! बाराच बडगे होते, पन काय बडगे होते! आता? तीस-तीस. परीक्षेचा बडगा, बसच्या गर्दीचा बडगा... पुढच्या साली वरनाचा बडगा काढतीन काका!” प्रेमलता म्हणे, “काळा-पिवळाच ठेव वं. अन् जोडी एकच धरतात, आत्याबाईले सांग.” आई म्हणाली, “मले काय समजते त्यातलं,” आणि पुढचा अर्धा तास पाचवाच कसा चांगला, त्यातल्या धुराच्या बडग्याचे डोळे कसे खरंच चुरचुरल्यासारखे लाल आहेत, तेच सांगत बसली. भाजी लागली खाली.

शेवटी हिंमत करून काकांनाच विचारलं. नखांत शाई, चष्मा कपाळावर. म्हणाले, “कोनताही ठेव बेटा, फक्त सातवा नको. पोरीच्या लग्नाच्या घाईत छापला, वेशीचं घरच राहून गेलं. वाट फिरून आपली पुन्हा घरीच येते. कोनी जिंकतच नाही त्याच्यात. बिघडला तो.”

आणि मला तर... आता तुम्हीच सांगा, कसं म्हणू त्यांच्या तोंडावर, की काका, मला तोच आवडतो? बाकी सात पटांवर मी हरलेय. प्रत्येकावर! हरले की सगळे आपली चीजवस्तू उचलून उठतात नि मी कवड्या गोळा करत एकटी बसते. सातव्यावर कोणी जिंकत नाही, म्हणून कोणी उठतच नाही! सगळे आपले बसलेले, गोल, गुडघ्याला गुडघा लावून, आणि मीही त्यात. आणि ठेवायचा किती? एक! ठेवला मी सातवा. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला, “ज्याच्यातून इडापीडा बाहेरच जात नाही, तोच भेटला इले!”

उरलेल्या सातांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. सगळे बैल पाहायला गेले, बाबा गोधडीत झोपलेले, मी तापातून उठलेली म्हणून घरी. तर आधी रविंद्र परत आला, पहिला पट काढला, उशीच्या अभ्र्यात घातला, गाठोड्यात जुने पेपर कोंबले. मग आई आली, पाचवा काढला, पिठाच्या डब्याखाली सरकवला, पेपर कोंबले. दोघांनी मला बजावलं. मग आल्या... आत्याबाई! काळा-पिवळा दोन्ही काढले नि आपल्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत! माझ्याकडे लक्ष गेलं तशा म्हणाल्या, “अशी काहून पाहून राहिली? रॉकेलचा बडगा जाळला अन् राशनवर रॉकेल भेटनं बंद झालं तं?” आणि पेपर कोंबले. चार पट कमी होऊन गाठोडं आधीपेक्षा जाड झालेलं, पण कोणी विचारलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी मारबतीपुढे, तुम्हाला सांगते, सगळ्यात मोठ्यानं हे तिघं ओरडत होते! खरे गेले ते दुसरा, सहावा नि यंदाचा. काका शेजारीच उभे. म्हणाले, “सहावा गेला ते बेस झालं.”

पण त्या दिवशी संध्याकाळी तिघांचे हात शिवशिवायला लागले. आपापला पट काढायचा कसा? चोरी उघडी पडेल! तेव्हा आत्याबाईच म्हणाल्या, “तो एक राहिला आहे नं, तोच मांड.” मांडला. आत्याबाई पहिल्यांदा सगळ्यांदेखत खेळायला बसल्या, बाबा गोधडीसकट बसले, काका आले, प्रेमलता आली... आणि कोणी उठेचना! अजून तोच डाव चालू आहे. आत्याबाईंच्या डब्यात अकरा बडगे, एक द्यायला तयार नाहीत, डासांचासुद्धा! मी मधोमध बसते. आधी गंमत वाटली हो, अजूनही वाटते, नाही असं नाही, पण आईही पटावरून उठेना, खिचडीवर नववा दिवस आहे, आणि कोणी उठायचं म्हटलं की बाकीचे...

“कौशे! कुठी जाऊन बसली वं? पाळी तुयी आहे, अन् इथं भुकेनं जीव जाऊन राहिला!”

आले, आत्याबाई!... पाहिलंत? भूक लागलीये आणि उठणार मात्र कोणी नाही. मी तर म्हणते, काकांनी एवढं एक वेशीचं घर छापलं असतं ना, तर निदान भाजी तरी—