मानपूरच्या हॉलची तपासणी

स्लॅबमध्ये मातीची मडकी कोण घालतं, असं तुम्ही नेहमी विचारता ना? मग तिकडे हिंदी मुलखात, मानपूरला मी बायकांच्या बचत गटासाठी हॉल बांधला, त्याची तपासणी कशी झाली ते ऐका.

छत तापू नये म्हणून मी स्लॅबमध्ये मडकी उलटी बसवली होती. गटातल्या बायकांनीच ती घरोघरी फिरून जमवली होती. पण तपासणीला आलेले साहेब नकाशा बघूनच नाराज झाले. "मॅडम, ये मटके-वटके नहीं चलेंगे. टीन डालो, काम खतम." त्यांची सही नाही तर हॉलला कुलूप. माझं पहिलंच स्वतंत्र काम होतं.

मे महिन्यातली दुपार, त्यात लाइट गेलेली. आमच्या चुका लिहून काढायला साहेब फाइल घेऊन एकटेच आत बसले. अर्धा तास झाला तरी काही आवाज नाही. मी दारातून डोकावले, तर आतल्या गारव्यात साहेब मान मागे टाकून घोरत होते. मी हाक मारणार, तेवढ्यात गटाच्या अध्यक्ष गीताबाईंनी माझा हात धरला.

"मॅडम, मत जगाओ. अपन पास हो रहे हैं."

तासाभराने साहेब उठले आणि आमच्याकडे न बघता सही करून फाइल माझ्या हातात दिली. दारापर्यंत गेले, बाहेरची गरम हवा तोंडावर आली, तसे परत वळले.

"धूप थोड़ी ढलने दो," खुर्ची ओढत म्हणाले, "फिर निकलता हूँ."