आप्पांसाठी एक बाक

...आणि वर मलाच विचारतात, बागेत काय काय झालं म्हणून! काय होणार? तुम्हाला सांगतो, लोकांना विचारून बाग करणं म्हणजे अख्ख्या गल्लीने मिळून एका माणसाचा शर्ट शिवणं. बाही याची, कॉलर त्याची, आणि घालणारा उघडाच.

मला काय हवं होतं? राजवाडा? नाही हो. एक बाक. फक्त एक बाक! आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, आई गेल्यापासून खिडकीशी बसून असतात. बाहेर पडले तर कोपऱ्यापर्यंत जाईतो दम लागतो, टेकायला जागा नाही, मग दिव्याचा खांब धरून उभे... हे मी रोज वरून बघतो. म्हणून म्हटलं, समोरच्या मोकळ्या जागेत बाग होतेच आहे, तर एक बाक असू दे. फार नाही मागितलं.

तर पालिकेने आर्किटेक्ट बाई पाठवल्या. गोड बाई. शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर हा एवढा आराखडा लावला, झाडं, झोपाळे, कारंजं, बाक, सगळं रंगवलेलं, आणि प्रत्येकाच्या हातात एक लाल टिकली दिली. जे नको त्याच्यावर लावा म्हणाल्या. एकाने जरी लावली तरी ती वस्तू रद्द, कारण कुणाचंही मन दुखवायचं नाही. अहो बाई! नको म्हणायचा अधिकार, आणि तो आमच्या गल्लीला?

मी गाफील नव्हतो हं. आठवडाभर आधीपासून घरोघरी फिरत होतो. तळमजल्यावरच्या काकूंचा गळका नळ दुरुस्त करून दिला. दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन न दुखणारा दात दाखवून आलो. माझ्या मेव्हण्याला तर, त्याच्या शेजाऱ्याला बाक नको आहे, अशी चक्क थाप मारली, कारण हा मेव्हणा म्हणजे... घराला रंग देताना शेजाऱ्याला कुठला रंग सहन होत नाही ते आधी विचारून नेमका तोच लावणारा माणूस! असो. एका बाकासाठी काय काय करावं लागतं.

झाली सुरुवात. काकू उठल्या. "झाडं नकोत बाई, पानं पडतात." पानं पडणार नाहीत तर काय पडणार, काकू? गेली झाडं. डॉक्टर म्हणाले, झोपाळ्यावरून मुलं पडतात, दात तुटतात. आता मला सांगा, त्यात यांचं काय नुकसान? पण माणूस सज्जन, सज्जनापुढे काय बोलणार. गेले झोपाळे. मेव्हण्याने कारंजं उडवलं, कारण त्याचा शेजारी त्या कारंज्याकडे कौतुकाने बघत होता. भिंत नुसती गोवर आल्यासारखी दिसायला लागली... आणि बाक? बाक स्वच्छ! एकही टिकली नाही!

राहिले फक्त आप्पा. मीच आणलं होतं हो त्यांना, म्हटलं बघू देत, त्यांच्यासाठीच तर चाललंय. मी हात पुढे केला, तो झटकला आणि काठी टेकत एकटे निघाले. किती महिन्यांनी असे चालताना बघितले! डोळे भरून आले माझे, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आप्पा भिंतीपाशी पोचले, चष्मा सारखा केला, आणि टिकली लावली बाकावर.

"आप्पा, अहो तो बाक आहे."

"दिसतंय मला. बाक ठेवला की दिवसभर म्हातारे येऊन बसतात. फार कटकटे असतात."

मी बाईंच्या हातापाया पडलो, तर त्या म्हणाल्या, आजोबांचं मन कसं दुखवायचं? आणि माझं? माझं मन त्या आराखड्यात दाखवलेलंच नव्हतं.

बाग झाली. कुंपण, फाटक, आत गवत. रोज संध्याकाळी आप्पा काठी घेऊन पुढे, आणि मी स्वयंपाकघरातली खुर्ची डोक्यावर घेऊन मागे. बसतात, खूश असतात, खोटं कशाला बोलू. काल इकडेतिकडे बघून म्हणाले, "एवढ्या बैठका घेतल्यात तुम्ही लोकांनी, एक बाक ठेवावा असं कुणालाच सुचलं नाही?"

मी म्हटलं, "चुकलंच आमचं, आप्पा." आणि त्यांच्या तोंडावर ऊन येत होतं, म्हणून त्या बाजूला जाऊन उभा राहिलो.