चांगल्या पायाचा जोर

माझा नंबर यायचा होता. पडद्याआड गुडघ्याचं ऑपरेशन झालेली एक बाई नि पायांचा जोर मोजणारी मुलगी बोलत होत्या. ऐकू नये ते, म्हणून मी खुर्ची जरा जवळ ओढली.

“दोन्ही पायांचा जोर सारखा भरला की जिने चढायला मोकळी ना मी? आजच माझ्या घरी जाते. जावयाच्या घोरण्यानं कान किटलेत.”

“बघूया, काकू. हे यंत्र नडगीवर धरते, तुम्ही पाय पुढे रेटा. आधी चांगला पाय.”

“या पायानं मी एकटीनं बंद पडलेली बस ढकललीय!”

“मग एवढाच जोर?”

“आता तेवढाच उरलाय बाई.”

“आता ऑपरेशनचा... हो, सारखेच आहेत. पण दोन्ही फारच कमी. दोन महिने जिने नकोत.”

“थांब! चांगला परत मोज. मघाशी मुद्दाम हळू रेटला, दुसऱ्याशी जुळावा म्हणून.”

“काकू! बरं, रेटा... अगं आई! स्टुलावरून पडले असते मी!”

“बघ!”

“बघितलं. म्हणजे ऑपरेशनचा याच्या निम्माच आहे. अजून महिनाभर मुलीकडेच राहा.”

“...बाहेर जावई माझी बॅग भरून घेऊन बसलेत. त्यांना तूच सांग.”