पाळकांनी बुजवलेली विहीर

बसा मंडळी, जवळ सरकून बसा. आज गाणं थोडं आहे, गोष्ट जास्त आहे. आणि गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एक प्रश्न विचारतो. देवाने एखाद्याला हाक मारली. तो उठला, घरदार सोडून गेला, जीव ओतून काम केलं — आणि त्याच कामापायी माणसं मेली. तर हा माणूस देवाचा की नाही? लगेच मान डोलवू नका. आधी ऐका.

आपल्या नगरकडचे रेव्हरंड शांतवन रणपिसे. हाडापेराने मजबूत, आवाज असा खणखणीत की माइक लाजावा. पत्नी एस्तेरबाई, नर्स. एकच मुलगी, मंजुळा. भारी बडबडी. मिशनने विचारलं, आफ्रिकेत मलावी देशात जाल का? मोठ्या सरोवरापासून थोडं आत एक गाव आहे, तिथे ना दवाखाना, ना चर्च. शांतवन तिथल्या तिथे हो म्हणाले, मग घरी आले.

एस्तेरबाई म्हणाल्या, "मला विचारलंत का?"

"आता विचारतो."

"आता काय विचारता? पेट्या काढा माळ्यावरच्या."

गेले. बोटीने, आगगाडीने, शेवटी मक्याच्या पोत्यांवर बसून ट्रकमधून. मंजुळाने तिथली चिचेवा भाषा आधी उचलली, आणि मग बापाला शिकवली. शांतवननी काय केलं? छोटंसं चर्च उभं केलं, झांजा काढल्या आणि चिचेवात कीर्तन लावलं. गाव उठून नाचायला लागलं. पाळकसाहेब आधी गोरेमोरे झाले, मग स्वतःच नाचले. आपल्याकडे कीर्तनात लोक पेंगतात — मागच्या भाऊंनो, तुम्हाला नाही म्हणत.

तिथे पाळकाला 'अबुसा' म्हणतात, बाईला मानाने 'आमाई'. एस्तेरआमाईंच्या ओसरीवर रोज बायका पोरं घेऊन यायच्या. त्यांत एक नाफिरी होती. नवरा नसलेली, करारी बाई. चर्चची पायरी चढली नाही कधी. पण तिची मुलगी तडाला आणि आपली मंजुळा, दोघी सदा एकत्र. एकीला हाक मारली की दोघी यायच्या.

उन्हाळ्यात ओढा आटायचा, गावाला पाणी लांब सरोवरावरून आणावं लागे. ते पाहून शांतवन म्हणाले, "आम्ही दुष्काळी मुलखातली माणसं. दुसरं काही येवो न येवो, विहीर खणता येते." स्वतः कुदळ घेतली. गावातले बाप्ये हाताशी आले. उन्हाळाभर खणलं, आणि खालच्या अंगाला, ओढ्याजवळ, पाणी लागलं. थंड, गोड पाणी. फक्त तोंड बांधायचं राहिलं, कारण सिमेंटचा ट्रक वाटेत अडकला होता.

एस्तेरबाई म्हणाल्या, "अहो, कठडा झाल्याशिवाय विहीर खुली करू नका. पावसात गावची घाण सगळी इथेच उतरेल."

"एस्तेर, बाया पोटुशा असताना डोक्यावर हंडे वाहतात. समोर पाणी असताना त्यांना थांब म्हणू?"

सांगा मंडळी, यात पाप कुठे होतं? कळवळाच होता की. त्यांनी प्रार्थना केली, येशूच्या नावाने विहीर खुली केली. गावाने विश्वास ठेवला. त्या वर्षी पहिल्यांदा बाप्तिस्मे झाले.

मग पाऊस आला. नेहमीपेक्षा लवकर आला आणि ओढा फुगला. त्याच सुमारास सरोवराच्या काठाकाठाने पटकी, म्हणजे कॉलरा, येत होती. ओढ्याचं पाणी उघड्या विहिरीत शिरलं. वर पाणी नितळ दिसत होतं. लोक पीत राहिले.

एस्तेरबाई घरोघर धावल्या. पाणी उकळायचं, मीठ-साखर घालायची, चमच्याने पाजत बसायचं. काही वाचले. पुष्कळ गेले. तडाला गेली. आणि दुसऱ्या दिवशी मंजुळा. बडबडी मुलगी, शेवटी पाणी मागायलाही आवाज नव्हता तिला.

दोन्ही मुलींना शेजारी शेजारी पुरलं. शांतवन तिथून थेट विहिरीवर गेले आणि एकटेच दगड टाकायला लागले. गाव लांब उभं राहून बघत होतं. कुणी मदतीला आलं नाही, कुणी अडवलंही नाही. विहीर बुजली, तेव्हा ते गावप्रमुखापुढे जाऊन उभे राहिले.

"विहीर माझी. दोष माझा. सांगाल ती शिक्षा घेईन."

प्रमुख म्हातारा होता. म्हणाला, "अबुसा, तुझी मुलगी मातीत आहे. याच्यावर आम्ही काय शिक्षा देणार? घरी जा."

त्या दिवसापासून चर्चमध्ये कुणी आलं नाही. बाप्तिस्मा घेतलेलेही आले नाहीत. दर रविवारी शांतवन घंटा वाजवायचे आणि रिकाम्या बाकांपुढे उभे राहायचे. एकदा एस्तेरबाई समोर एकट्याच बसलेल्या, तर ते म्हणाले, "आज तू प्रार्थना कर. माझ्या तोंडून शब्द फुटत नाही."

"काय मागू?"

"मला माहीत असतं तर मीच मागितलं असतं."

पुढच्या पावसाळ्यात तापाने गेले. देवाशी त्यांचं पुन्हा बोलणं झालं का? मंडळी, झालं असं मी सांगू शकत नाही. एस्तेरबाई म्हणायच्या, शेवटपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून होते.

त्या एकट्या परत आल्या. इथल्या चर्चने हार घातला. पंचांनी उभं राहून विचारलं, "बाई, किती लोक प्रभूकडे आले?"

त्या म्हणाल्या, "आले होते. एकही टिकला नाही."

कुणीतरी घाईघाईने गीत सुरू केलं. त्यानंतर त्यांना कुणी बोलायला उभं केलं नाही. एका खोलीत राहिल्या, शिवणकाम केलं, आणि गेल्या. माझी आई त्यांच्याबरोबर शिवायला बसायची. जे सभेने विचारलं नाही, ते आईने विचारलं. "बाई, निघताना तिथे कुणी भेटलं का हो?"

भेटली होती. नाफिरी. ट्रक सुटायच्या आधी वाट अडवून उभी राहिली. एस्तेरबाई घाबरल्या. नाफिरी म्हणाली, "तुझ्या देवाकडे मी येणार नाही. तुझ्या नवऱ्याला माफही करणार नाही. पण माझ्या मुलीवरचं गवत काढायला मी जाते. तुझ्या मुलीचंही काढीन. तू तिकडे काळजी करू नको."

एवढं बोलून ती निघून गेली.

मी सुरुवातीला विचारलं, हा माणूस देवाचा की नाही? खरं सांगतो, मला उत्तर सापडलेलं नाही. वर्षानुवर्षं ही गोष्ट सांगतो, आणि सांगून झाल्यावर घरी जाऊन जेवण जात नाही. पण एवढं दिसतं — जिचं सगळं गेलं, तिने एस्तेरबाईंची मुलगी सांभाळायला घेतली. आणि आपण, प्रभूचं नाव घेणारे, त्यांना आकडा विचारला आणि गीत लावलं.

आज तुमच्यातही कुणी असेल. कुणाचा संसार मोडला, कुणाच्या हातून पोर गेलं, कुणाच्या तोंडून प्रार्थना फुटत नाही. तो इथेच बसलाय, तुमच्या खांद्याला खांदा लावून. आता मी गीत सुरू करणार नाही. ज्याला ज्याच्याकडे वळावंसं वाटतं, त्याने वळावं.