टिंबू पहिलीच्या वर्गातच राहील

या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपले सरपंच रामराव, पाहुणे म्हणून आलेले विस्तार अधिकारी साहेब, मुख्याध्यापक मच्छिंद्र सर, माझे सहकारी, शाळेची खिचडी रांधणाऱ्या दुर्गाबाई, दारातच उभे राहिलेले ख्वाजामियाँ, राजूरहून मुद्दाम आलेले जुने विद्यार्थी, समस्त आयाबाया, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या माझ्या पहिलीच्या मुलांनो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की सत्कार दुसऱ्याच कुणा बाईंचा आहे असं मला वाटू लागलं. मी सर्वांची ऋणी आहे. निरोपाला गोड बोलावं अशी पद्धत आहे. मी प्रयत्न करते.

मघाशी मच्छिंद्र सर बोलता बोलता म्हणाले, "सोमवारपासून पहिलीतला संगणक सुरक्षिततेसाठी कार्यालयात येईल आणि त्यातला खेळ काढून टाकला जाईल." टाळ्यांत ते वाक्य वाहून गेलं. मी ऐकलं.

हा संगणक आधी कार्यालयातच होता. वर्षभर. अंगावर फुलाफुलांचं आवरण होतं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. एरवी कुणी हात लावला नाही. बिघडेल म्हणून. न वापरलेली वस्तू सुरक्षित असते, हे मला मान्य आहे. पण मग ती शाळेत कशाला हवी?

मी तो वर्गात नेला. जालन्याहून खेळाची सीडी आणली. रविवारी टीव्हीवर लाल बूट घातलेलं अस्वलाचं पिल्लू लागायचं ना, तोच टिंबू. खोक्यावर त्याचंच चित्र, आणि खाली लिहिलेलं: वय तीन ते सहा. टिंबू चालतो, दगडावरून उडी मारतो, वाटेतले आंबे गोळा करतो. खड्ड्यात पडला तर धूळ झटकून पुन्हा वर येतो. एवढाच खेळ. पण खिचडी खाऊन घरी पळणारी पोरं दुपारी वर्गात राहू लागली. ख्वाजामियाँची नात मदिना घरी उर्दू बोलणारी. दिवाळीपर्यंत तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. तिचा पहिला मराठी शब्द मला मिळाला तो टिंबूमुळे. ती ओरडली, "मार उडी!"

शांत बसा रे. पेढे आहेत शेवटी.

मग साहेब तपासणीला आले. मुलं खेळत होती. प्रत्येक जण आपल्या पाळीला एकच आंबा घ्यायचा आणि पुढे पळायचा. मदिनाची पाळी आली. साहेबांना राहवलं नाही. "अगं, बाकीचे घे ना! गुण वाढतात."

मदिना म्हणाली, "मागं पोरं हायेत ना."

"अगं, पुढच्याची पाळी आली की आंबे आपोआप परत येतात."

तिने पडद्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "कोन लावतं?"

साहेबांनी वही काढली आणि शेरा दिला: मुलांना खेळाचा उद्देश समजलेला नाही. त्या शेऱ्यावरून आजचा हा निर्णय.

साहेब, आपण पाहुणे आहात. आपला मान राखूनच विचारते. उद्देश कुणाला समजला नाही? खिचडीच्या पातेल्यापाशी दुर्गाबाई रोज ओरडतात, "एकच पळी घे रं, मागं पोरं हायेत." मुलांनी ते ऐकलं आणि संगणकात नेलं. आंबे परत येतात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी त्यांना सांगितलं नाही. आजही सांगणार नाही. आपण सांगितलंत, तरी दुसऱ्या दिवशी मदिनाने एकच आंबा घेतला.

तेव्हा आता माझा निर्णय ऐका. शेरा आला तेव्हाच पुढचं मला दिसलं होतं, म्हणून शुक्रवारी ख्वाजामियाँनी आपल्या वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी पिंजरा आणला. संगणक आत ठेवला. पिंजरा वर्गाच्या खिडकीच्या गजांना वेल्ड केला. पुढे एक फट ठेवली आहे. मुलांचे हात आत जातात, संगणक बाहेर येत नाही. सुरक्षितताच हवी होती ना, सर?

ख्वाजामियाँ काम आटोपून म्हणाले, "बाई, आता हे कापायचं तर मलाच बोलवावं लागंल. अन् मी सोमवारी अंबडला चाल्लो."

"परत कधी येणार?"

"साहेबाची बदली झाल्यावर."

हसू नका. ते तिथे उभे आहेत, त्यांनाच विचारा.

आणि खेळ पुसलात तरी सीडी दुर्गाबाईंच्या तांदळाच्या कोठीत आहे. ज्यांना हवी त्यांनी दुर्गाबाईंकडे मागून पाहावी.

अध्यक्षांनी वेळ दिला, गावाने इतकी वर्षं सांभाळून घेतलं, आयाबायांनी आपली लेकरं माझ्या हाती दिली. आभार फार थोडे पडतात. बोलण्यात कुणाला काही लागलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. पिंजऱ्याची मात्र माफी मागत नाही.

पेढे दुर्गाबाई वाटतील. साहेब, आपणही रांगेत या. एकच घ्या.